वाचाघात आणि बोलण्याचा धीर

आपल्या बेटावरून निघालेले विमान सुमारे सात तासांत दुबईला उतरते. उतरल्यावर घड्याळाचे काटे फिरवावे लागत नाहीत, कारण मॉरिशस आणि संयुक्त अरब अमिराती यांची वेळ एकच आहे. आपल्याकडे सायंकाळी सहा वाजता देवापुढे दिवा लागतो, तेव्हा तिकडेही सहाच वाजलेले असतात. त्यामुळे तिकडे हॉटेलांत, बँकांत, विमानकंपन्यांत आणि रुग्णालयांत कामाला गेलेल्या आपल्या मुलामुलींशी रोज बोलणे सोपे जाते. त्या देशात भारतीयांची संख्या ३५ लाखांहून अधिक आहे, म्हणजे आपल्या सबंध बेटाच्या लोकसंख्येच्या अडीच पटींपेक्षा जास्त. त्यांत महाराष्ट्रातून आलेली मराठी माणसे पुष्कळ आहेत. दुबईत आणि अबू धाबीत महाराष्ट्र मंडळे आहेत, आणि गणेशोत्सवात तिथेही आरतीचा आवाज घुमतो.

अशा या गजबजलेल्या देशात एखाद्याची वाचाच गेली तर काय होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. पण पक्षाघाताचा झटका माणसाला घरी, परदेशी, कुठेही गाठू शकतो. पक्षाघात झालेल्या रोग्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांच्या बोलण्यावर किंवा समजण्यावर परिणाम होतो. या व्याधीला मराठीत 'वाचाघात' असे नाव आहे. तिच्यात शब्द तर हरवतातच. त्यांच्याबरोबर चारचौघांत तोंड उघडण्याचा धीरही हरवतो. औषधाने आणि उपचाराने शब्द काही अंशी परत येतात, पण धीर परत आणण्याचे काम बरेचसे घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या हातात असते. म्हणून हा लेख.

वाचाघात म्हणजे काय?

समजा, रत्नागिरीकडचे एक गृहस्थ बर दुबईतील एका पेढीत हिशेबनीस आहेत. वय पन्नाशीच्या आसपास. एका सकाळी त्यांचा उजवा हात गळून पडतो, तोंड वाकडे होते आणि बोलायला गेले तर शब्द फुटत नाही. रुग्णालयात जीव वाचतो. आठवड्याने ते उठून बसतात, माणसे ओळखतात, पाहुणा आला की हसतात. बायकोने मुलाच्या शाळेची फी भरली का, ही काळजी त्यांच्या मनात आहे. पण 'मी काल बँकेत गेलो होतो' एवढे वाक्य त्यांना जुळवता येत नाही. 'बँक... काल... मी...' असे सुटे शब्द येतात. विभक्ती गळते, क्रियापद सापडत नाही. कधी 'पाणी' म्हणायचे असते आणि तोंडून 'चहा' बाहेर पडतो. कधी 'हो' म्हणायचे असते आणि 'नाही' निघून जाते.

हा वाचाघाताचा एक प्रकार झाला. दुसऱ्या प्रकारात रोगी भराभर बोलतो, चालही नेहमीचीच असते, पण शब्द भलतेच असल्यामुळे ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही. आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट उमगत नाही. बऱ्याच जणांना वाचायला आणि लिहायलाही अडचण येते. मात्र सर्व प्रकारांत एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. वाचाघात म्हणजे वेड नव्हे, बहिरेपणा नव्हे आणि बुद्धी जाणेही नव्हे. आपली ओळख, आवडीनिवडी, नाती, हिशेबाची जाण, मान-अपमानाची जाणीव ही सर्व बहुधा शाबूत असते. बिघाड होतो तो मेंदूच्या भाषेच्या भागात. बहुतेक माणसांत हा भाग डाव्या बाजूला असतो आणि मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या अंगाला हलवते. म्हणूनच वाचा आणि उजवा हात पुष्कळदा बरोबरच जातात.

हे ज्ञान जगाला मिळाले ते पॅरिसमधील एका रोग्यामुळे. लेबोर्न्य नावाचा हा इसम तिशीत वाचा गमावून बसला आणि बिसेत्र या रुग्णालयात २१ वर्षे राहिला. त्याला काहीही विचारले तरी तो 'तां, तां' एवढेच म्हणे. म्हणून सगळे त्याला 'तां' याच नावाने ओळखत. पण दुसऱ्याचे बोलणे त्याला पुष्कळसे समजे आणि तो हातवाऱ्यांनी उत्तर देई. आपले म्हणणे समोरच्याला कळत नाही असे पाहून तो चिडला की एक फ्रेंच शिवी मात्र त्याच्या तोंडून स्पष्ट निघे! एप्रिल १८६१ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, तो वारला. डॉक्टर पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढील भागात जखम असल्याचे दाखवून दिले. तो भाग आजही ब्रोकाच्या नावाने ओळखला जातो. पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने समजण्याशी संबंध असलेला दुसरा भाग दाखवला.

याच काळात आपल्या बेटाचा एक सुपुत्र या शास्त्रात गाजत होता, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. बो बासँ येथील मानसिक आरोग्य केंद्राला ज्यांचे नाव आहे, ते ब्राउन-सेकार १८१७ साली पोर्ट लुईत जन्मले. पुढे ते पॅरिसमध्ये नावाजलेले मज्जाशास्त्रज्ञ झाले. वाचेचे सर्व काम मेंदूच्या एकाच कोपऱ्यात चालते, हे मत त्यांना पटत नव्हते. १८७४ साली वॉशिंग्टन येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी मेंदूच्या दोन्ही बाजूंना शिक्षण द्यावे, असा आग्रह धरला. त्यांची सर्वच मते पुढे टिकली नाहीत. तरीही इजा न झालेले भाग काही प्रमाणात नवे काम शिकतात, ही गोष्ट आजच्या उपचारांचा पाया आहे.

धीर कसा सुटतो?

वाचाघात झालेल्या माणसाची पहिली परीक्षा घरातच होते. पाहुणा विचारतो, "कसे आहात?" उत्तर शोधायला त्याला अर्धे मिनिट लागते. तेवढ्यात बायको किंवा मुलगा म्हणतो, "बरे आहेत, आता जेवतात वगैरे." हे प्रेमापोटीच होते. पण दिवसातून वीस वेळा असे झाले की रोग्याला वाटू लागते, आपल्या बोलण्याची कोणाला गरज उरलेली नाही. मग पाहुणा त्याच्याकडे पाहणेही सोडतो आणि त्याच्यादेखत त्याच्याविषयी मुलाला विचारू लागतो. काही जण त्याच्याशी मोठ्याने ओरडून बोलतात, काही लहान मुलाशी बोलावे तसे बोलतात. काल ज्यांना 'अहो' म्हणत होते त्यांना आज 'बाळा, तोंड उघड' असे म्हटले जाते. त्याला सर्व समजत असते. अपमान समजतो, पण उलट बोलता येत नाही.

याचा परिणाम असा होतो की माणूस आधी फोन घेणे सोडतो, मग बाजारात जाणे, मग देवळात आणि लग्नकार्यात जाणे सोडतो. बोलण्याचा सराव तुटतो, म्हणून वाचा सुधारत नाही. वाचा सुधारत नाही, म्हणून धीर आणखी खचतो. पक्षाघातानंतर साधारण तिघांतील एकाला नैराश्य गाठते, आणि वाचा गेलेल्यांना त्याचा धोका अधिक असतो.

हा धीर मोजण्याचाही प्रयत्न झालेला आहे. शिकागोच्या एडना बॅबिट आणि लिओरा चर्नी यांनी २०१० साली दहा प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात रोग्याला किती शब्द येतात हे कोणी विचारीत नाही. माणसांशी बोलताना तुम्हाला कितपत विश्वास वाटतो, फोनवर बोलताना किती, लोक तुम्हाला संभाषणात सामील करून घेतात असे वाटते का, स्वतःचे निर्णय स्वतः घेता येतील का, पैशाच्या चर्चेत भाग घेता येईल का, असे प्रश्न त्यात असतात. प्रत्येक उत्तराला शून्यापासून शंभरपर्यंत गुण रोग्याने स्वतःच द्यायचे. या प्रश्नांवरून एक गोष्ट उघड होते. थोडे शब्द असलेला माणूसही भाजीवाल्याशी हिमतीने व्यवहार करू शकतो, आणि बरेच शब्द परत आलेला माणूस भीतीने खोलीबाहेर पडत नाही. शब्दसंख्या आणि धीर यांचा हिशेब वेगवेगळा ठेवायला हवा.

अमिरातीत अडचण जास्त का?

अमिरातीत उपचाराची साधने नाहीत असे मुळीच नाही. दुबईचे रशीद रुग्णालय १९७३ पासून आहे, अबू धाबीत २०१५ साली सुरू झालेले क्लीव्हलँड क्लिनिक आहे, आणि दोन्हीकडे पक्षाघातावर तातडीचे उपचार होतात. अपंगांच्या हक्कांसाठी तिथे २००६ साली कायदा झाला. २०१७ पासून सरकारने अपंग हा शब्द बाजूला ठेवून 'निर्धाराची माणसे' अशा अर्थाचा अरबी शब्दप्रयोग रूढ केला. १ जानेवारी २०२५ पासून सातही अमिरातींत खाजगी नोकरदारांना आरोग्य विमा सक्तीचा झाला. तरीही परदेशी कामगाराला वाचाघात झाला की काही खास पेच उभे राहतात.

पहिला पेच नोकरीचा. तिथे राहणाऱ्या दहांपैकी जवळजवळ नऊ माणसे बाहेरून आलेली आहेत आणि बहुतेकांचा राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला आहे. काम सुटले की ठरावीक मुदतीत दुसरी सोय करावी लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. हिशेबनीस, विक्रेता, शिक्षक, टॅक्सीचालक या सर्वांचे पोट बोलण्यावर चालते. म्हणजे वाचेबरोबर पगार, घर, मुलांची शाळा सर्वच धोक्यात येते. हे लोक बहुधा कर्त्या वयाचे असतात. म्हाताऱ्या आजोबांची वाचा गेली तर घर दुःखी होते. चाळीस-पन्नास वर्षांच्या कमावत्या माणसाची गेली तर घराचा खांबच हलतो.

दुसरा पेच भाषेचा. रुग्णालयात डॉक्टर अरब असेल, परिचारिका केरळची किंवा फिलिपाइन्सची असेल आणि तपासणी इंग्रजीत होईल. रोग्याला मराठीत बोलायचे असते. इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आले नाही, म्हणून 'याला काहीच समजत नाही' असा शिक्का बसू शकतो. मराठीत विचारले असते तर कदाचित त्याने मान डोलावली असती.

तिसरा पेच हाताचा. उजवा हात लुळा पडल्यावर खूण करणे, लिहिणे, जेवणे सर्व डाव्या हाताने करावे लागते. अरबांत आणि आपल्यातही डाव्या हाताने देणे-घेणे अशिष्ट मानतात. त्यामुळे माणूस खुणा करायलाही लाजतो. याबाबतीत घरच्यांनीच पुढाकार घेऊन "डाव्या हाताने दाखवा, काही हरकत नाही" असे सांगायला हवे.

चौथा पेच एकटेपणाचा. कित्येक कामगार एका खोलीत चार-सहा जण असे राहतात आणि कुटुंब गावी असते. फोन हाच त्यांचा घराशी दुवा. वाचाघात झालेल्याला फोन सर्वांत कठीण, कारण फोनवर चेहरा दिसत नाही आणि खूण करता येत नाही. म्हणून साध्या फोनऐवजी चेहरा दिसेल असा व्हिडिओ कॉल करावा. तिथे सर्वच ॲपवरून असा कॉल लागत नाही. परवानगी असलेले ॲप कोणते, हे तिथल्या माणसाला विचारून घ्यावे.

कोणती भाषा परत येते?

आपल्यासारख्या बहुभाषी लोकांना हा प्रश्न फार जवळचा आहे. आपण घरात क्रेओल बोलतो, कचेरीत फ्रेंच आणि इंग्रजी वापरतो, देवळात मराठी म्हणतो आणि सिनेमा हिंदीत पाहतो. दुबईतील मराठी माणूस घरी मराठी, बाजारात हिंदी, कचेरीत इंग्रजी आणि कामापुरती अरबी बोलतो. मग वाचाघातानंतर यांपैकी कोणती भाषा आधी परत येईल?

१८८१ साली रिबो या फ्रेंच विद्वानाने म्हटले की सर्वांत आधी शिकलेली, म्हणजे आईची भाषा, सर्वांत घट्ट रुजलेली असते. १८९५ साली पित्र या दुसऱ्या फ्रेंच वैद्याने रोग्यांची निरीक्षणे मांडून सांगितले की आजाराच्या वेळी जी भाषा रोजच्या वापरात असते ती आधी परत येते. पुढच्या अभ्यासातून असे दिसले की दोन्ही नियम सर्वांना लागू पडत नाहीत. बहुतेकांच्या सर्व भाषा साधारण बरोबरीने सुधारतात. काहींची एक भाषा पुढे जाते आणि दुसरी मागे राहते. काहींच्या बोलण्यात भाषांची खिचडी होते.

यातून घरच्यांनी घ्यायचा बोध सोपा आहे. रोगी ज्या भाषेत बोलू पाहतो, ती भाषा त्याला बोलू द्यावी. एका वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी आली तरी दुरुस्त करीत बसू नये. अर्थ पोहोचला की काम झाले. उपचार करणाऱ्याला रोग्याच्या सर्व भाषांची माहिती द्यावी: कोणती कधी शिकली, कोणती कुठे वापरली, लिहिता-वाचता कोणती येत होती. भारतात शिकलेले भाषोपचारतज्ज्ञ आखाती देशांत काम करताना आढळतात. त्यांच्यात हिंदी किंवा मराठी जाणणारा कोणी मिळतो का याची चौकशी अवश्य करावी. मायदेशी परतावे लागले तरी दार बंद होत नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात १९६३ साली या विषयाचे शिक्षण सुरू झाले, म्हैसूरला १९६५ साली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली आणि मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे. या परंपरेतून तयार झालेले तज्ज्ञ आज महाराष्ट्रातील अनेक शहरांत आहेत.

उपचाराने खरोखर फरक पडतो का?

होय, पडतो. २०१६ साली कोक्रेन या संस्थेने ५७ चाचण्यांचा आणि सुमारे तीन हजार रोग्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. भाषोपचार घेतलेल्यांचे रोजच्या व्यवहारातील बोलणे न घेतलेल्यांपेक्षा अधिक सुधारते, असे त्यात दिसले. 'सहा महिने झाले, आता जे आले तेवढेच' असे पुष्कळदा सांगितले जाते. पण २०१७ साली जर्मनीत १५८ रोग्यांवर झालेल्या चाचणीत सहा महिन्यांहून जुन्या वाचाघातातही तीन आठवड्यांच्या कसून केलेल्या उपचाराने फरक पडला. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते हे खरे. नंतर ती मंदावते, पण थांबलेलीच असते असे नाही.

आणखी एक नवल आपल्या लोकांना विशेष भावेल. ज्याला 'पाणी द्या' म्हणता येत नाही, तो कधी कधी गाणे मात्र शब्दांसकट म्हणतो. एक ते दहा आकडे, वारांची नावे, लहानपणापासून पाठ असलेली गणपतीची आरती अशा गोष्टी ओळीने बाहेर पडतात. पॅरिसच्या 'तां'ची शिवी याच जातीची. पाठ असलेल्या गोष्टी आणि नवे वाक्य जुळवणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत, आणि सुरांत मेंदूची उजवी बाजूही हात देते. १९७३ साली बॉस्टन येथील तज्ज्ञांनी याच गुणावर एक उपचारपद्धती बसवली. तिच्यात छोटे वाक्य चालीवर, डाव्या हाताने ताल धरून म्हणवून घेतात आणि हळूहळू चाल काढून टाकतात. सर्वांनाच तिचा गुण येतो असे नाही, आणि आरती म्हणता आली म्हणजे वाचा परत आली असेही नाही. पण आरतीच्या वेळी सर्वांबरोबर आपलाही आवाज लागतो, हा अनुभव त्या माणसाला मोठा आधार देतो. गणेश चतुर्थीला किंवा झाकरीच्या रात्री अशा माणसाला कोपऱ्यात न बसवता टाळ हातात देऊन पुढे बसवावे.

घरच्यांनी काय करावे?

कॅनडातील टोरंटो येथे १९७९ साली पॅट अराटो या बाईंनी पतीला वाचाघात झाल्यानंतर एक केंद्र सुरू केले. तिथेच पुढे ऑरा केगन या तज्ज्ञ बाईंनी साध्या स्वयंसेवकांना अशा रोग्यांशी बोलण्याचे शिक्षण देण्याची पद्धत तयार केली. तिचे सार दोन गोष्टींत आहे. तुम्हाला समजते, हे मला ठाऊक आहे, असे त्या माणसाला आधी कळू द्यावे. आणि मग त्याच्या मनातले बाहेर यायला वाट करून द्यावी. स्वयंसेवक शिकले की रोग्यांचेही संभाषण सुधारते, असे त्यांनी २००१ साली दाखवून दिले. त्या धर्तीवर काही सोप्या गोष्टी अशा:

१. समोर बसा, टीव्ही व रेडिओ बंद करा, आणि एका वेळी एकानेच बोला.

२. छोटी, सरळ वाक्ये वापरा. आवाज चढवू नका. वयाप्रमाणे 'अहो', 'तुम्ही' असा मान ठेवा.

३. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. त्याचा शब्द त्याच्या तोंडून काढून घेऊ नका. "मदत करू का?" असे विचारून मगच शब्द सुचवा.

४. हो-नाहीचे प्रश्न विचारा आणि उत्तर दुसऱ्या प्रकारे पडताळून पाहा. कागदावर 'हो' आणि 'नाही' मोठ्या अक्षरांत लिहून बोट ठेवायला सांगा.

५. जवळ वही-पेन्सिल ठेवा. मुख्य शब्द लिहा, चित्र काढा, खूण करा. मोबाइलमधील घरच्यांचे फोटो, नकाशा आणि दिनदर्शिका फार उपयोगी पडतात.

६. समजले नसेल तर समजल्याचे सोंग करू नका. "मला कळले नाही, पण आपण पुन्हा प्रयत्न करू" असे सांगा. सोंग त्याला लगेच कळते.

७. रोज एक लहान काम त्याच्यावर सोपवा: दुकानातून पाव आणणे, नातवाला हाक मारणे, भाजी निवडणे. आधी घरी तालीम करा. काम जमले की धीर वाढतो.

८. त्याच्या खिशात एक छोटे कार्ड ठेवा. 'मला वाचाघात झाला आहे. मला समजते, पण बोलायला वेळ लागतो. कृपया थांबा.' अमिरातीत हे अरबी, इंग्रजी आणि हिंदीत लिहावे; आपल्याकडे फ्रेंच आणि क्रेओलमध्ये.

९. पैसा, घर, परतण्याचा निर्णय, सही अशा गोष्टी त्याला वगळून ठरवू नका. कागदपत्रे सोप्या शब्दांत समजावून त्याचे मत घ्या. विम्यात भाषोपचाराच्या किती बैठका मिळतात, हेही आधीच विचारून ठेवा.

मोठ्या माणसांचे उदाहरण

ही व्याधी लहान-थोर पाहत नाही. अटलबिहारी वाजपेयी यांचे वक्तृत्व सर्व भारताने ऐकले. २००० साली पंतप्रधान असताना ते आपल्या बेटावरही आले होते. २००९ साली त्यांना पक्षाघात झाला, त्यांच्या वाचेवर परिणाम झाला आणि २०१८ साली निधन होईपर्यंत ते सार्वजनिक जीवनापासून दूर राहिले. शब्दांवर राज्य करणाऱ्या माणसालाही हा आजार सोडत नाही, हे त्यावरून कळते. स्वीडनचे कवी तुमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० साली पक्षाघात झाला. त्यांची वाचा जवळजवळ गेली आणि उजवा हातही गेला. पण ते डाव्या हाताने पियानो वाजवीत राहिले, त्यांचे नवे कवितासंग्रह निघाले, आणि २०११ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या पत्नी त्यांचे म्हणणे जाणून घेऊन लोकांपर्यंत पोहोचवीत. प्रत्येकाला असे यश मिळत नाही. परंतु घरातील एक माणूस धीराने ऐकणारा असला, तर वाचा गेलेला माणूसही आपले काम चालू ठेवू शकतो, हे मात्र खरे.

आपल्या मंडळांना एक विनंती

दुबई-अबू धाबीची महाराष्ट्र मंडळे असोत की आपल्या गावोगावच्या मराठी मंडळ्या, दोघांनाही हे काम करता येण्यासारखे आहे. त्याला मोठा खर्च नाही. दोन-चार उत्साही तरुण-तरुणींनी वरील पद्धत शिकून घ्यावी आणि आठवड्यातून एकदा अशा घरी तासभर बोलायला जावे. दोन-तीन रोगी एकत्र बसले तर आणखी चांगले, कारण तिथे कोणी कोणाला हसत नाही. जो तिकडून परत येईल, त्याच्या कुटुंबाला इकडे कोणते उपचार मिळतील याची माहिती देणारा एक माणूस मंडळीत असावा. तिकडे असलेल्या आप्ताला रोज ठरावीक वेळी व्हिडिओ कॉल करावा. दोन्हीकडची वेळ एकच असल्याने त्यात काही अडचण नाही. बोलणे पाच मिनिटांचे झाले तरी चालेल, पण त्या पाच मिनिटांत बोलण्याची पाळी त्याला मिळायला हवी.

शेवटी सर्वांत महत्त्वाची सूचना. अचानक तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय गळणे, बोलणे अडखळणे किंवा असंबद्ध होणे, ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. मालीश, घरगुती काढा किंवा 'झोपल्यावर बरे वाटेल' यांत वेळ दवडू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध बहुधा पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि जितके लवकर तितके बरे. लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी. रुग्णवाहिकेसाठी अमिरातीत ९९८ आणि आपल्याकडे ११४ हा क्रमांक फिरवावा. रक्तदाब आणि मधुमेह नियमित तपासून घ्यावा. आपल्या बेटावर मधुमेह घरोघरी आहे, हे कोणाला सांगायला नको. तिकडे असलेल्या आपल्या मुलाबाळांनाही हे दोन क्रमांक आणि ही लक्षणे आजच्याच बोलण्यात सांगून ठेवावीत.